चि. दत्तूस, 'वर्दी'मार्फत

आमच्या पेपरचं पहिलं पान कुणी आधी वाचायचं नाही. पंचायत समितीची सभा, कारखान्याची निवडणूक, आमदारांच्या हस्ते भूमिपूजन असला सगळा ऐवज शांतीलालशेठ मोठ्या हौसेनं पहिल्या पानावर लावायचे आणि लोक अंक हातात पडला की सरळ तिसरं पान उघडायचे. त्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात चार-पाच ओळींची एक चौकट असायची. घर सोडून गेलेल्या आपल्या मुलासाठी, दत्तूसाठी, मढच्या यमुनाबाईनं सांगितलेला मजकूर. जुन्नर तालुक्यात आणि शेजारच्या आंबेगावात आमचा पेपर टिकला तो बराचसा या चौकटीवर, असं शेठच्या देखत कुणी म्हटलं असतं तर ते रागावले असते. पण मनातून त्यांनाही ते ठाऊक होतं.

पेपरचं नाव साप्ताहिक 'वर्दी'. वर्दी म्हणजे सांगावा, खबर. हिंदी सिनेमे बघणाऱ्या पोरांना मात्र तो पोलीस खात्याचा पेपर वाटायचा. होमगार्डात भरती व्हायचंय, फॉर्म इथंच मिळतो ना, असं विचारत एकजण खरोखर आला होता. शेठनी त्याला चहा पाजला आणि वर्गणीदार करून घेतलं.

शेठचे आजोबा राजस्थानातून आले. जुन्नरात भुसार मालाचं दुकान टाकलं आणि पुढच्या पिढ्या इथल्याच झाल्या. शेठ घरात मारवाडी बोलत, पण भांडायचे मराठीत. दुकान भावावर सोपवून त्यांनी हा पेपर काढला, त्याचं कारण विचारलं की म्हणायचे, "धान्य काय, कोणीही विकतो." मी नवऱ्याचं घर सोडून माहेरी परत आले होते, घरात बसून सगळ्यांची तोंडं बघणं नकोसं झालं होतं, म्हणून नव्वद सालानंतर केव्हातरी त्यांच्याकडे प्रुफं तपासायला लागले. पुढे अंकावर माझं नाव उपसंपादक म्हणून छापून येऊ लागलं. याचा अर्थ प्रुफं मीच तपासायची, जाहिराती मीच घ्यायच्या, बातम्यांना मथळे मीच द्यायचे आणि अंकांवर पत्त्याच्या चिठ्ठ्याही मीच चिकटवायच्या.

तालुक्याचा पेपर कसा चालतो, हे बाहेरच्यांना सांगायला हवं. सुरुवातीला आमच्याकडे शिशाचे खिळे होते. एकेक अक्षर उचलून उलटं लावायचं, ओळ बांधायची, पान बांधायचं. फोटो छापायचा तर त्याचा ठसा करायला पुण्याला एसटीनं पाठवायचा, म्हणून बातमी या आठवड्यात आणि माणसाचं तोंड पुढच्या, असंही व्हायचं. नंतर कॉम्प्युटर आला, मंचरला ऑफसेटवर छपाई होऊ लागली. शुक्रवारी सकाळी गठ्ठे बांधून एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचे; नारायणगाव, ओतूर, आळेफाटा, जिथल्या तिथे कुणीतरी उतरवून घ्यायचा. वर्गणीवर पेपर कधीच चालत नाही. तो चालतो कोर्टाच्या नोटिसांवर, वाढदिवसाच्या शुभेच्छांवर आणि माणसं मरण्यावर. श्रद्धांजलीच्या जाहिरातीत 'शोकाकुल' म्हणून खाली कुणाचं नाव आधी यावं, यावरून दोन चुलतभाऊ माझ्या टेबलासमोर एकमेकांच्या अंगावर गेलेले मी पाहिलेत. एक म्हातारे गृहस्थ स्वतःच्या निधनाची बातमी स्वतः लिहून घेऊन आले होते. "माझी मुलं शुद्धलेखन करीत नाहीत, तुम्ही आत्ताच तपासून ठेवा," म्हणाले. तपासून ठेवली. पुढे ती तशीच छापली.

रविवारी जुन्नरचा बाजार. त्या दिवशी कचेरी उघडी ठेवावी लागायची, कारण खेड्यातली माणसं बाजारासोबत बातमी, जाहिरात, तक्रार एकाच फेरीत उरकायची. अशाच एका रविवारी यमुनाबाई आली. बरोबर नवरा होता, विठोबा. तो आत आलाच नाही. रस्त्याच्या पलीकडे जाऊन कचेरीकडे पाठ करून उभा राहिला.

"हरवल्याली मानसं हितंच छापत्यात न्हवं?" तिनं विचारलं.

तिचा मोठा मुलगा दत्तू ऐन पावसाळ्यात बैल चारायला घेऊन गेला होता. निसरड्या उतारावरून एक बैल घसरला आणि खाली दरीत गेला. जोडीतला बैल. विठोबानं रागाच्या भरात पोराला भर गावासमोर चाबकानं मारलं. पोरगं रडलं नाही, उलट बोललं नाही. दुसऱ्या दिवशी ते घरात नव्हतं. कल्याणकडे गेला की नगरकडे, कुणी पाहिलं नाही. यमुनाबाईकडे फोटो होता तो शाळेचा, सगळ्या वर्गाचा. त्यात दत्तूचं तोंड ज्वारीच्या दाण्याएवढं. त्याचा ठसा उमटला नसता. तेव्हा नुसताच मजकूर द्यायचं ठरलं.

शेठनी सवयीनं लिहून काढलं आणि वाचून दाखवलं. "चि. दत्तू यास, असशील तेथून निघून ये. तुला कोणी रागावणार नाही. आईने अंथरूण धरले आहे, अन्नपाणी सोडले आहे."

"शेट, मी कुटं अंथरूण धरलंय? एस्टीनं आले की तुमच्या फुडं."

"अहो बाई, असंच लिहायचं असतं. त्याशिवाय मुलं येत नाहीत."

"खोटं वाचून आला तर घरात पाय टाकताच त्याला कळंल. मंग पुन्ना जाईल." तिनं शेठच्या पेनाकडे बोट केलं. "लिवा, आई बरी हाय. बैलाचं घरात कुनी काय काढत न्हाई. येवढंच लिवा."

मी तिचं 'हाय'चं 'आहे' केलं, 'न्हाई'चं 'नाही' केलं. ते माझं कामच होतं. शेठनी माझ्या दुरुस्त्यांवर काट मारली. म्हणाले, "ताई, हे त्याला वाचताना आईचं वाटलं पाहिजे. तुमचं नको."

दत्तू आला नाही. महिन्याभरानं यमुनाबाई पुन्हा आली. मला वाटलं, तोच मजकूर परत द्यायचाय. ती म्हणाली, "न्हाई, आता नवं हाय. तांबडीला कालवड झालीय. त्याला सांगाया नगं का?"

अशी ती चौकट सुरू झाली. शेठनी कधी तिच्याकडून काही घेतलं नाही आणि तिनं एकदाही 'फुकट कसं' म्हटलं नाही. त्याऐवजी कधी हातसडीचे तांदूळ, कधी करवंदं टेबलावर ठेवून जायची. ती सांगायची, मी लिहून घ्यायची.

'दत्तूस. तांबडीला कालवड झाली. कपाळावर पांढरं हाय. नाव अजून ठेवलं न्हाई, तू ये आन् ठेव.'

'दत्तूस. औंदा भात लई झ्याक आलं. तुझ्या वाटणीचं कणगीत येगळं ठेवलंय.'

'दत्तूस. शेवंताचं लगीन ठरलं. वतूरचं पावणं हायेत, मानसं चांगली. भावाचा म्हनून तुझा सदरा शिवलाय. माप आदमासानं घेतलंय.'

'दत्तूस. वडील तुझं नाव घेत न्हाईत, पर जेवताना दाराकडं तोंड करून बसत्यात.'

लोकांना वेड लागलं. मंचरच्या बाजार समितीत मी जाहिरातीसाठी गेले की बटाट्याचे व्यापारी भाव सोडून आधी कालवडीची चौकशी करायचे. नारायणगावच्या एका शाळेतल्या बाईंनी कालवडीसाठी मुलींकडून नावं मागवली आणि ती आमच्याकडे पाठवली. यमुनाबाईनं ती सगळी ऐकून घेतली. "नावं ग्वाड हायेत," म्हणाली, "पर ती दत्तूची हाय." कालवडीची गाय झाली, तिला पुन्हा कालवड झाली. दोघीही बिननावाच्याच राहिल्या.

विठोबा वारला ते एका उन्हाळ्यात. यमुनाबाई स्वतः आली नव्हती, कुणाकरवी निरोप आला. आम्ही चौकटीत एवढंच छापलं, 'दत्तूस. वडील गेले.' त्याच्या पुढच्या आठवड्यात ती आली. पांढरं कपाळ. खुर्चीवर न बसता खाली भिंतीला टेकून बसली आणि तिनं सांगितलं ते मी लिहून घेतलं. 'दत्तूस. दहाव्याला कावळा शिवंना. लई वाट बघितली. समद्यांनी काय काय कबूल केलं. मंग मी तुझं नाव घेतलं, म्हनलं त्याला घरात घेऊ, तवा शिवला.'

हा अंक निघाला त्यानंतर दोन-तीन दिवसांनी कचेरीच्या दारात एक माणूस येऊन उभा राहिला. पंचविशीच्या पुढचा, दाढी वाढलेली, कपड्यांवर ऑइलचे डाग. "ह्यो न्हाई, ह्याच्या मागल्या शुक्रवारचा अंक हाय का?" म्हणाला. "आमच्याकडं त्या दिवशी गठ्ठा उतरलाच न्हाई."

मी जुन्या अंकांतून काढून दिला. त्यानं पहिलं पान पाहिलं नाही. उभ्या उभ्या तिसरं पान उघडलं, खालचा कोपरा वाचला आणि तसाच पायरीवर खाली बसला. दहाव्याचा मजकूर त्यानं ताज्या अंकात आधीच वाचला होता, तो दहावा कुणाचा ते आता कळलं.

मी तांब्याभर पाणी नेऊन त्याच्याजवळ ठेवलं. मग विचारलं, "दत्तू ना?"

"बाळू म्हनत्यात मला," तो म्हणाला. "आळेफाट्याला गॅरेजात असतो." पाणी प्यायला, तोंड पुसलं, आणि मग खाली बघून, "व्हय" म्हणाला.

आळेफाटा ते मढ एकच रस्ता. कल्याणची प्रत्येक गाडी त्याच्या गॅरेजवरून त्याच्या आईच्या दारावरून जायची. मी ते बोलून दाखवलं.

"पयलं वाशीला व्हतो, मार्केटात," तो म्हणाला. "टरकवाल्यांच्या डब्याखाली तुमचा पेपर असायचा. पर तितं शिळा यायचा. हितं शुक्रवारीच मिळतो. म्हनून हितं आलो."

"पेपरासाठी एवढं जवळ आलास, मग घरी का जात नाहीस?"

"सुरवातीला राग व्हता, ताई. मंग लाज वाटाया लागली. जेवढी वर्सं जात्यात तेवढी वाढती. आता तर बापाला खांदाबी दिला न्हाई. कुठल्या तोंडानं जाऊ?" आणि मग एकदम उठून उभा राहिला. "आईला सांगू नगा. सांगितलं तर मी हितनंबी जाईन. खरंच जाईन."

तो गेला. अंक घडी करून सदऱ्याच्या आत घालून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठना सगळं सांगितलं. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "तुम्ही मढला जा."

"आणि तो पळून गेला म्हणजे?"

"बातमी तिची आहे, ताई. आपली नाही. पोरगा जिवंत आहे हे आपण दोघांनी पोटात ठेवायचं आणि तिनं कोपऱ्यातून हाका मारत राहायचं, हे माझ्यानं व्हायचं नाही. पुढं काय करायचं ते ती ठरवील."

मी मढच्या गाडीनं गेले. यमुनाबाई अंगणात भात पाखडत होती. मला पाहून तिच्या हातातलं सूप थांबलं. तिला वाटलं असावं, मी काही वाईट घेऊन आले. मी भराभर सांगून टाकलं. जिवंत आहे, धडधाकट आहे, आळेफाट्याला आहे, दर शुक्रवारी वाचतो. आणि त्यानं काय बजावलंय तेही सांगितलं.

तिनं सूप खाली ठेवलं. पदर तोंडाला लावला. मग विचारलं, "अंगानं कसा हाय?"

"चांगला आहे."

"लगीन?"

"तसं काही बोलला नाही."

"वाचतुय," ती स्वतःशीच म्हणाली. "समदं वाचतुय म्हना की." आणि थोड्या वेळानं माझा हात धरून म्हणाली, "मला कळलंय, ह्ये त्याला सांगू नगा, बाय."

त्याच महिन्यात कधीतरी ती एकटी आळेफाट्याला जाऊन आली. ते तिनं मला पुढच्या बाजाराला सांगितलं. गाडीतून उतरून रस्त्याच्या अलीकडे एका रसवंतीच्या आडोशाला ती बसून राहिली होती. पलीकडे गॅरेज. ट्रकखालून तो बाहेर यायचा, हत्यार घ्यायचा, पुन्हा खाली जायचा.

"मग गेला का नाहीत जवळ?"

"जवळ गेले आन् त्यो उठून गेला तर? मंग काय करू? आता निदान ठावं तरी हाय कुटं हाय त्यो." मग हसल्यासारखं करून म्हणाली, "चालतो अगदी ह्यांच्यावानी."

त्यानंतर चौकटीतला मजकूर बदलला. वाचणाऱ्यांना ते कळलं नाही, मला कळलं. 'ये' हा शब्द त्यात पुन्हा कधी आला नाही. एका हिवाळ्यात तिनं सांगितलं, "लिवा, लोखंडात काम करनाऱ्यानं हाताला ग्वाडंतेल लावावं, भेगा पडत्यात." मी लिहायची थांबले. म्हटलं, यावरून त्याला कळेल की तुम्हाला माहीत आहे. ती घाबरली. "आगं बया, मंग नगं. असं लिवा, थंडी लई पडलीय, समद्यांनीच हाताला तेल लावावं." तसं छापलं. त्या आठवड्यात किती लोकांनी तेल लावलं असेल कोण जाणे.

दत्तू अधूनमधून जुन्नरला सुटे भाग घ्यायला आला की कचेरीच्या दारात दोन मिनिटं उभा राहायचा. कधी आत यायचा नाही. "बरं हाय न्हवं?" एवढं विचारायचा. कुणाबद्दल विचारतोय हे तोही बोलायचा नाही आणि मीही विचारायची नाही. मी "बरं आहे" म्हटलं की जायचा. त्याची आई रविवारी यायची, तो मधल्या वारी. त्या काळात मला वाटायचं, आपण काहीतरी मोठं करतोय. दोन माणसांमधला धागा आपल्या हातात आहे, तो तुटू द्यायचा नाही. शेठ तर दिवाळी अंकाच्या संपादकीयात लिहायचे की पेपर हा दुरावलेल्या माणसांमधला पूल असतो. मी ते प्रूफ तपासताना मान डोलवायची.

दोन हजार सालानंतर पेपर खंगायला लागला. ते एका दिवसात झालं नाही. पुण्याच्या मोठ्या दैनिकांनी तालुक्याची पानं सुरू केली. कालची बातमी आज, तीही रंगीत फोटोसकट, मग आमची आठवड्याची बातमी कोण वाचणार? कोर्टाच्या नोटिसा त्यांच्याकडे गेल्या. पण खरा घाव घातला फ्लेक्सनं. पूर्वी पुढाऱ्याचा वाढदिवस म्हणजे आमचं अर्धं पान. आता चौकात पुरुषभर उंचीचा फोटो एका दिवसात लागू लागला. वाढदिवस गेले, मग श्रद्धांजल्याही गेल्या. आंबेगावातल्या एका घरी मी नेहमीप्रमाणे पहिल्या पुण्यस्मरणाची जाहिरात विचारायला गेले तर मुलगा म्हणाला, "ताई, फाट्यावर बोर्ड लावलाय की. येता-जाता सगळ्यांना दिसतो. पेपर कोण उघडतंय?"

मी म्हटलं, "बोर्ड पावसात जाईल. पेपर जपून ठेवता येतो."

"ठेवायचाय कुणाला?" तो सहज म्हणाला. उर्मटपणा नव्हता त्याच्या बोलण्यात.

आठ पानांची चार झाली. खिळे जुळवणारे गंगारामदादा कॉम्प्युटर आल्यावर घडीकामाला लागले होते, त्यांनाही घरी बसावं लागलं. शेठची मुलं आपापल्या व्यापारात होती. वडिलांच्या पेपरला ती वाईट म्हणायची नाहीत, पण 'बाबांचा नाद' म्हणायची. चार पानांतही शेठनी तिसऱ्या पानाचा कोपरा मोकळा ठेवला. एकदा ऐनवेळी खताच्या कंपनीची जाहिरात आली आणि जागा कमी पडली, तेव्हा त्यांनी स्वतःचा अग्रलेख काढून टाकला.

शेवटच्या अंकात निरोपाचं चार शब्दांचं निवेदन असतं. आमच्या नव्हतं, कारण तो शेवटचा आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं. सोमवारी सकाळी शेठना अर्धांगाचा झटका आला. पुढच्या अंकाची दोन पानं लागून तयार होती, ती तशीच राहिली. मुलांनी त्यांना पुण्याला नेलं, परत आणलं तेव्हा उजवी बाजू गेली होती, बोलणं जड झालं होतं. कचेरीला कुलूप लागलं. मी टायपिंगच्या एका दुकानात कामाला लागले. लग्नाच्या पत्रिका आणि बायोडाटा.

यमुनाबाईचा शेवटचा मजकूर असा होता. 'दत्तूस. शेवग्याला फुलं आलीत. मागली भिंत बांधाया घेतलीय. बाकीचं फुडच्या खेपंला.'

पुढची खेप झालीच नाही. एका बाजाराला ती येऊन कुलूप बघून गेल्याचं शेजारच्या दुकानदारानं मला सांगितलं. जाऊन तिला भेटायला हवं होतं. पण तिथं जाऊन काय सांगायचं? तुमचा मुलगा अजून तिथंच आहे, फक्त आता तुमचं त्याला काही कळणार नाही, हेच ना? आज जाऊ उद्या जाऊ करत मी टाळत राहिले. पावसाळा संपला, भातं कापणीला आली, तेव्हा एकदाची मढच्या गाडीत बसले.

अंगणात दत्तू होता. मागची भिंत लिंपत होता. दाढी काढलेली, त्यामुळे मला क्षणभर विठोबाच वाटला. यमुनाबाई ओट्यावर बसली होती, तांदूळ निवडत. मला पाहून तो उठला, हात धुतले, ओट्यावर पोतं अंथरून दिलं.

"कधी आलास?" मी विचारलं.

"झालं दोन-तीन महिनं." मग त्यानं स्वतःहून सांगितलं. "काई शुक्रवार पेपर आला न्हाई. वाटलं, गाडी चुकली असंल. मंग जुन्नरला आलो तर कुलूप. शेजारचा म्हनला, पेपर बंद झाला, शेट आजारी हायेत. तितंच पायरीवर बसलो. म्हनलं, आता आई गेली तरी मला कळायचं न्हाई. तितनंच मढची गाडी धरली."

मी नको ते विचारलं. विचारल्याशिवाय राहवलं नाही. "आणि पेपर चालू असता तर?"

त्याला प्रश्नच कळला नसावा. "तर कशाला आलो असतो, ताई?" तो म्हणाला. "समदं कळत व्हतं की."

यमुनाबाई मला थांब्यापर्यंत पोचवायला आली. आता तिला चालताना दम लागत होता. मी म्हटलं, "बरं झालं बघा. आता दिवसभर बोलत बसत असाल दोघं."

"कशाचं बोलतोय, बाय." ती रस्त्याकडे बघत होती. "मी काय सांगाया लागले की म्हनतो, ठावं हाय, आई. कालवडीचं ठावं हाय, शेवंताचं ठावं हाय, बाप कसा गेला ते ठावं हाय. माझं समदं वाचून झालंय त्याचं. आन् त्याचं त्यो काय सांगत न्हाई. कुटं ऱ्हायला, काय खाल्लं, आजारी पडला तवा कुनी बघितलं, काय न्हाई. मी इच्यारलं की उठून बाहीर जातो." गाडी वळणावर दिसली तेव्हा तिनं माझा हात सोडला. "त्याचं कुटं छापून आलं न्हाई न्हवं. मला कसं कळनार?"

जुन्नरला उतरले ती तशीच शेठकडे गेले. ते खिडकीजवळच्या पलंगावर होते. सूनबाईनं पाठीशी उशी लावून त्यांना बसवलं. दत्तू घरी आला, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्याची जी एक बाजू हलत होती ती उजळली. डावा हात उचलून त्यांनी विचारलं, कसा? कसा आला? मला थापा मारता आल्या असत्या. आईचा मजकूर वाचून आला, असं म्हटलं असतं तर त्यांनी तेवढ्यावर समाधानानं डोळे मिटले असते. पण त्यांनीच मला मढला धाडलं होतं, बातमी ज्याची त्याला पोचली पाहिजे म्हणून. मी जसं घडलं तसं सांगितलं. कुलूप, पायरी, आणि तो काय म्हणाला तेही.

शेठ खिडकीबाहेर बघत राहिले. मग एकेक शब्द सोडवत म्हणाले, "मग ताई... आधीच... बंद करायला... हवा होता."

मी त्यांच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं.